घरातल्या माणसाचं पिणं हाताबाहेर चाललंय का? ओळखायचं कसं आणि सोलापुरात पहिलं कुठं जायचं

आधीच सांगून टाकतो, हे पिणाऱ्यासाठी कमी आणि घरच्यांसाठी जास्त लिहिलंय. कारण आपल्याकडं होतं काय, बायको, आई, भाऊ, मेव्हणा सगळे वर्षानुवर्षं वाट बघत बसतात की हा एक दिवस स्वतःच म्हणेल "चला, मला दवाखान्यात न्या", आणि तो काही म्हणत नाही, आणि तोपर्यंत कारखान्यातली उचल वाढत जाते, सोनं गहाण पडतं आणि लिव्हर सुजून बसतं. तर तो तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. एकटे, त्याला न सांगता. डॉक्टरकडं, समुपदेशकाकडं, नाहीतर नुसतं फोनवर. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच घ्या आणि १४४१६ लावा. ते टेलि-मानस आहे, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलत असाल तर ती भाषाही निवडता येते, आपल्या पूर्व भागातल्या लोकांना हे मुद्दाम सांगा.

आता ओळखायचं कसं.

बहुतेक घरांत भांडण एकाच मुद्द्यावर अडकतं, तो म्हणतो "मी काय रोज पितोय का" आणि ही म्हणते "रोजच पिताय". या भांडणातून काही निघत नाही. दारूचा हिशोब करायचाच तर नीट करा: ३० मिलीचा एक छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे एक क्वार्टर सहा पेग झाले. आणि "मी फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्यांसाठी, ६५० मिलीची स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे चार पेग. दोन बाटल्या मारल्या की क्वार्टरच्या पुढं गेलात, मग कसली आलीय फक्त बिअर. हातभट्टीचा तर हिशोबच लागत नाही, कुठल्या फुग्यात किती ताकद आहे ते भरणाऱ्यालाही माहिती नसतं.

पण खरं सांगू का, मिलीपेक्षा पिण्याभोवती काय फिरतंय ते बघा. संध्याकाळी सात वाजले की माणूस अस्वस्थ होतो, मुलाच्या शाळेतला कार्यक्रम लवकर संपावा असं बघतो, लग्नाला जायचं ठरलं की तिथं "सोय" आहे का हे आधी विचारतो. पूर्वी नव्वदमध्ये जे व्हायचं त्याला आता पूर्ण क्वार्टर लागते. काल रात्री काय बोललो ते सकाळी आठवत नाही. बाटली टाकीमागं, गाडीच्या डिकीत, कपाटात साड्यांच्या खाली सापडते. पित्ताचा त्रास आहे, डॉक्टरनं बंद सांगितलंय, तरी चालूच. कामावर खाडे होतात आणि तुम्ही सुपरवायझरला फोन करून "त्यांना ताप आलाय" सांगता. शेवटचं वाक्य परत वाचा, कारण घरच्यांनी खोटं बोलायला सुरुवात केली की ते एक लक्षणच धरायचं.

डॉक्टर लोक चार साधे प्रश्न विचारतात, ते घरीही विचारता येतात. कमी करावी असं कधी मनात आलं का? लोक पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खात राहतं का? सकाळी उठल्या उठल्या अंगाची थरथर घालवायला किंवा उतारा म्हणून कधी घ्यावी लागली का? चारातली दोन उत्तरं हो आली तर तपासून घ्यायला हवं, त्याचा अर्थ माणूस बेवडा झाला असा शिक्का नाही. आणि माझ्या मते चौथ्याचं एकट्याचं हो आलं तरी थांबू नका. सकाळचा उतारा म्हणजे शरीर आता दारूवर चालायला लागलंय.

श्रावणाचा मुद्दा राहिलाच. "मी श्रावणात महिनाभर हात लावत नाही, मग मला व्यसन कसलं?" हे आपल्याकडचं सगळ्यात चालणारं आर्ग्युमेंट. चांगली गोष्ट आहे, थांबता येतंय. पण त्याच्या आधी गटारीला काय होतं आणि महिना संपल्याच्या रात्री काय होतं ते बघा, आणि त्या महिन्यात माणूस शांत असतो का दिवस मोजत आणि सगळ्यांवर खेकसत असतो ते बघा. थांबता येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं यात फरक आहे.

दारूशिवाय बाकीचं थोडक्यात. गांजावाला पोरगा ओळखायचा तर डोळे लाल, भूक वाढलेली, अभ्यासातून कामातून लक्ष उडालेलं, जुने मित्र सुटले आणि नवे घरी येत नाहीत, नुसते कोपऱ्यावर थांबून हॉर्न मारतात. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, त्याचं उलटं, दोन दोन दिवस झोप नाही, भूक नाही, जबडा आवळलेला, बडबड, आणि नंतर दिवसभर मेल्यासारखी झोप, शिवाय संशय, कोणीतरी मागं लागलंय असं वाटणं. हे मुंबईपुण्याचं आहे असं समजू नका, २०२३ मध्ये आपल्या चिंचोळी एमआयडीसीतच मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला होता. झोपेच्या आणि नशेच्या गोळ्या असतील तर मेडिकलच्या रिकाम्या पट्ट्या आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडतात, आणि लहान पोरांत व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन, कपड्याला वास येतो, ओठाभोवती पुरळ येतं. एकेका खुणेवरून आरोप करू नका, दहावीतल्या पोराचे डोळे मोबाइलनंही लाल होतात.

ताडीबद्दल वेगळं सांगायला हवं. "ताडी काय, झाडाची असते" असं म्हणतात, पण भेसळीच्या ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पावडर असते, त्यामुळं रोजचा ताडी पिणारा एकदम बंद झाला की त्याला झटके येऊ शकतात, चालताना तोल जातो, काहीबाही बोलतो. डॉक्टरला "फक्त ताडी" म्हणून सांगू नका, रोज किती आणि किती वर्षं ते सांगा.

मावा आणि मिसरी याला तर आपण व्यसन म्हणतच नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि टपरीवर पुडी मिळतेय हेही सगळ्यांना माहितीय. घरी करायची एक तपासणी सांगतो, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट लागलं की तोंड भाजतंय, किंवा गालात आतून पांढरा लाल चट्टा दोन आठवड्यांच्या वर राहिलाय तर दाताच्या डॉक्टरला दाखवा, लगेच. विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात तंबाखू सुपातच असते, म्हणून तिथं मिसरी कधी लागली हे बाईलाही आठवत नाही, कुंभारीच्या विडी घरकुलात जाऊन कुणालाही विचारा. सोडायचं असेल तर तंबाखूसाठी वेगळा टोल फ्री नंबर आहे, १८००११२३५६, निकोटीनचं च्युइंगम कसं चघळायचं तेही विचारून घ्या, ते मावा चघळल्यासारखं सलग चघळत राहिलं तर नुसती उचकी आणि मळमळ येते, थोडं चघळायचं आणि गालात दाबून ठेवायचं.

एकदम बंद करू नका, हे मोठ्या अक्षरात

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. रोज पिणाऱ्या माणसानं, विशेषतः ज्याला सकाळी उतारा लागतो त्यानं, घरच्या घरी एका रात्रीत दारू तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम येतो, उलटी, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला काका दारात उभा दिसतो, स्वतःच्या बायकोला ओळखत नाहीत, ताप चढतो. इथं आपल्याकडं गडबड होते, घरचे म्हणतात "बाहेरचं लागलंय" आणि लिंबू उतरवतात, देवऋष्याकडं नेतात. हे बाहेरचं नाही, हे दारू तुटल्याचं आहे, आणि यात माणूस दगावतो. १०८ लावा आणि थेट सिव्हिलला न्या.

म्हणून वारीसाठी माळ घालणाऱ्यांनाही सांगणं आहे. माळेनं कित्येकांची सुटलीय, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, अशी माणसं प्रत्येक गावात भेटतात आणि त्या श्रद्धेला कोण कशाला हसेल. पण रोज क्वार्टर दोन क्वार्टर पिणारा असेल तर माळेच्या आधी डॉक्टरला दाखवा, पाचसात दिवसांच्या गोळ्या कमी कमी करत देतात, थरथर आणि फिट टळते, मग माळ घाला खुशाल.

अजून एक, जे कुणी सांगत नाही. माणूस दुसऱ्याच कारणानं अ‍ॅडमिट झाला, पाय मोडला, अपेंडिक्स झालं, तर डॉक्टरला पहिल्या दिवशीच सांगा की हे रोज पितात, इतकी पितात. लाजेनं घरचे लपवतात आणि तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून पळायला लागतो, सगळ्यांना वाटतं ऑपरेशननं डोक्यावर परिणाम झाला. तसंच "उतरवायला" म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावून घेतात ना, तिथंही पिण्याचं सांगा, रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ व्हिटॅमिन संपलेलं असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

हातभट्टी पिऊन नजर धूसर झाली, पोटात प्रचंड दुखतंय, श्वास जोरात चाललाय, तर झोपवून ठेवू नका. विषारी दारूत मिथेनॉल असतं आणि त्याचा परिणाम कधी कधी अर्ध्या एक दिवसानं दिसतो. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये १०० च्या वर माणसं अशीच गेली. आपल्याकडं ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये ऑपरेशन परिवर्तन काढलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी भट्ट्या मोडून लोकांना दुसऱ्या धंद्याला लावायचं काम केलं, ते चांगलंच झालं, पण पिणारा दुसरीकडून आणतो, म्हणून लक्षण माहिती असलेलं बरं.

आणि ते "न सांगता दारू सोडवा, जेवणात मिसळा" वालं पावडरचं औषध, बसस्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ते, अजिबात नको. अशा पुडीत काय आहे ते कळत नाही, आणि डायसल्फिरामसारखं काही असलं तर वरून दारू पडल्यावर बीपी खाली येऊन, छाती धडधडून माणूस जाऊ शकतो. डायसल्फिराम हे खरं औषध आहे, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच देतात.

त्याच्याशी बोलायचं कसं

रात्री नाही. प्यायलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे बंद दुकानाचं शटर वाजवणं, शेजारी तेवढे जागे होतात. सकाळी, चहाच्या वेळी, पोरं शाळेत गेल्यावर. आधी ठरवून एकच मुद्दा घ्या, तोही डोळ्यांनी बघितलेला. "तुम्ही घराचं वाटोळं केलं" म्हणलं की तो तुमच्या माहेरावर येतो आणि विषय संपला. त्यापेक्षा असं: "अहो, मंगळवारी तुम्ही गाडीवरून पडलात, छोटीनं बघितलं, ती दोन रात्री झोपली नाही. मला भीती वाटतेय. सिव्हिलला एकदा नुसतं दाखवून येऊ, मी येते सोबत." धाकट्या भावानं मोठ्याशी बोलायचं असेल तर, "अण्णा, तुझा हात सकाळी थरथरतोय, मी बघितलंय. बीपी शुगर बघायला तरी चल." बीपी शुगरच्या निमित्तानं गेलं तरी चालतंय, फॅमिली डॉक्टरचं ऐकणारे खूप असतात, डॉक्टरला आधी कानावर घालून ठेवा. लिव्हरचा रिपोर्ट हातात आला की काही जण स्वतःहून बोलायला लागतात.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडते, मग तो लपवून पितो, आणि पोराच्या मनात बसतं की बाबांनी माझी शपथ मोडली म्हणजे मला काहीतरी होणार.

घरच्यांनी काय थांबवायचं तर खोटे फोन आणि बारची उधारी भागवणं, बचत गटाचं कर्ज काढून त्याची देणी फेडणं. जेवण थांबवू नका, उपाशीपोटी पिणं आणखी वाईट. आणि ज्या दिवशी तो न पिता घरी आला त्या दिवशी टोमणा नको, "आज कसं काय सूर्य पश्चिमेला" असलं काही नको, त्याच्याबरोबर बसून जेवा, एवढ्यानं फरक पडतो. माणूस तयार नसताना घरच्यांना असं वागायला शिकवायच्या ट्रेनिंगच्या पद्धती आहेत आणि त्यातून बरेच जण उपचाराला येतात, समुपदेशकाला त्याबद्दल विचारा.

मारहाण होत असेल तर मात्र हे सगळं बाजूला. आधी तुम्ही आणि पोरं सुरक्षित. ११२ पोलीस, १८१ महिला हेल्पलाइन. आजारी आहे म्हणून मार खायचा असं कुठं लिहिलेलं नाही.

जायचं कुठं

सोलापुरात माझं मत विचाराल तर पहिलं पाऊल सिव्हिलच. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, वैशंपायन मेडिकल कॉलेजचं. तिथं मानसोपचार विभाग आहे, आणि व्यसन हे त्यांचंच काम आहे, "आमचे मालक वेडे नाहीत, मानसोपचारला कशाला" असं करू नका. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, मानसोपचार ओपीडी म्हणून सांगा. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नुसतं नाव नाही, पट्टीच न्या), आणि एका कागदावर लिहून न्या: रोज किती, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, भ्रम झाला होता का. तो कागद पाच मिनिटांत काम करतो कारण ओपीडीत गर्दी असते आणि आपण घाबरून निम्मं विसरतो. पेशंट नसेल आला तरी कागद न्या आणि "मी घरची आहे, काय करू" विचारा. गर्दी बघून परत येऊ नका. खाजगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत, ऐपत असेल तर तिकडं जा.

फोनवर १४४१६ आहेच, शिवाय खास व्यसनासाठी केंद्र सरकारचा १४४४६, तिथं जवळचं केंद्र कुठलं ते विचारता येतं.

भरती करावीच लागते असं नाही. पुष्कळ जण ओपीडीत औषध आणि बोलण्यावर सुधारतात. फिटचा इतिहास, जोडीला शुगर हार्ट, आत्महत्येचं बोलणं, किंवा घरात राहून जमतच नाही, असं असेल तर भरती. पुण्याचं मुक्तांगण सगळ्यांना माहितीय, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं सुरू केलेलं, ट्रेननं सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येतं, आधी फोन करून जागा विचारून जा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा फुकट असतात, तिथं सगळे स्वतः पिऊन थांबलेले, नावगाव विचारत नाहीत, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळा गट असतो.

खाजगी केंद्रात टाकणार असाल तर आधी स्वतः जाऊन बघा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जचे आजारही येतात, त्यामुळं केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं आहे का विचारा. साखळीनं बांधणं कायद्यानं बंद आहे. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, पहिल्या आठवड्यात थरथरीला कोण बघणार, घरच्यांना भेटू देता का, पैशाची पावती मिळते का. "गाडी पाठवतो, रात्री उचलून आणतो, तीन महिने फोन करू नका" म्हणणारा असेल तर तिथून उठा. मारून दारू सुटत असती तर गल्लीतल्या निम्म्या लोकांची सुटली असती.

पोलिसांची भीती

गांजा, एमडी, गोळ्यांच्या बाबतीत आईबाप याच भीतीनं गप्प बसतात. दवाखान्यात उपचाराला गेलं म्हणून पोरगा आत जात नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ ए कलम आहे, पिण्याच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या केसमधला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार मध्येच सोडले तर ती सूट जाऊ शकते, आणि विकणाऱ्याला ती नाहीच. केस झालीच असेल तर वकिलाला हे कलम दाखवा, उपचाराचे कागद जपून ठेवा.

एम्सनं २०१९ मध्ये देशभराचा सर्व्हे केला होता, त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागं एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. बाकी ३७ घरं कशाची वाट बघतायत ते आपल्याला माहितीच आहे.

सुटल्यावर परत प्याला तर? पितात, बरेच जण पितात, पहिल्या वर्षात जास्तच. गड्ड्याच्या यात्रेत मित्र भेटले, पगाराचा दिवस, कुणाचा दहावा, निमित्त काही लागत नाही. एकदा घसरला की "सगळं पाण्यात गेलं" म्हणून महिनाभर पीत राहणं, तेच जास्त नुकसान करतं. त्याच आठवड्यात परत ओपीडीला जा, जुना केसपेपर घेऊन, आणि काय घडलं त्या दिवशी, कुणाबरोबर, किती वाजता, जेवला होता का, खिशात किती पैसे होते, हे डॉक्टरला सांगा. दारूची ओढ कमी करायच्याही गोळ्या असतात, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, लिव्हर किडनी बघून देतात, तेही विचारा. पगार त्याच्या संमतीनं काही महिने बायकोच्या खात्यावर घेता येतो का बघा, आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी त्याला कारखान्याच्या गेटवर घ्यायला जा.